पाठलागाची गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी? कीचकापासून कलम ३५४-ड पर्यंत

१/
परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. महाराष्ट्राच्या स्मरणात मात्र ते राहिले १९७२ ते १९७४ या काळातील हत्यासत्रामुळे. दुष्काळाच्या त्या दिवसांत गावाच्या परिसरात एकामागून एक खून होत गेले. बळींमध्ये बहुतेक लहान मुली आणि स्त्रिया होत्या. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासातून गुप्तधनाची हाव, अपत्यप्राप्तीची आस आणि नरबळीची अघोरी कल्पना यांची गुंतागुंत समोर आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये त्याचा अंतिम निकाल लागला.

२/
पडद्यालाही या घटनेने खुणावले. १९८१ मध्ये अमोल पालेकर यांनी 'आक्रित' हा चित्रपट केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेबमालिका आली आणि आशुतोष गोवारीकर यांनी त्यात रमाकांत कुलकर्णी रंगवले. पन्नास वर्षांनंतर नव्या पिढीला हे प्रकरण ठाऊक झाले. संशयितांची नावे, त्यांचे संबंध, त्यांच्या मनातील अंधार यांवर पुष्कळ चर्चा झाली. मारल्या गेलेल्या मुलींपैकी एकीचे तरी नाव सांगा म्हटले, तर बहुतेक प्रेक्षक गप्प होतात.

३/
मनोविकृतीवर आधारलेल्या थरारकथेचा हा जुना स्वभाव आहे. पछाडलेले मन तिला खेचून घेते. ज्याच्यावर ते मन झडप घालते, तो माणूस गोष्टीच्या कडेला ढकलला जातो. मानवतमध्ये ते वेड धनाचे आणि अपत्याचे होते. अशा कथांमध्ये सर्वाधिक वेळा येणारे वेड मात्र निराळे आहे. एका पुरुषाने एका स्त्रीला मनातल्या मनात 'माझी' ठरवणे आणि तिचा नकार ऐकूच न येणे, हे ते वेड. मराठी रंगभूमी आणि पडदा ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षे सांगत आले आहेत. ती कोणाच्या डोळ्यांनी सांगितली गेली, याचाही एक इतिहास आहे.

४/
या गोष्टीचे मूळ महाभारताच्या विराटपर्वात सापडते. अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या महालात दासीचे काम करते. राणीचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती. त्याची नजर तिच्यावर पडते. ती स्पष्ट नकार देते, आपण विवाहित असल्याचे सांगते, गंधर्व पतींचा धाकही घालते. कीचकाच्या लेखी या कशालाच अर्थ नसतो. तो बहिणीकडे जातो, आणि बहीण सैरंध्रीला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्याच घरी धाडते.

५/
पुढचा क्रम विलक्षण ओळखीचा आहे. सैरंध्री निसटते आणि न्यायासाठी थेट राजसभेत धावते. कीचक तिच्यामागे येऊन भरसभेत तिला लाथ मारतो. राजा विराट सेनापतीला दुखवू धजत नाही. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिला आत निघून जायला सांगतो. घर, मालकीण, राजा, पती अशी सगळी दारे तिने ठोठावलेली असतात. अखेर रात्री मुदपाकखान्यात जाऊन ती भीमाला उठवते, आणि नर्तनशाळेच्या अंधारात कीचकाचा वध होतो.

६/
गोष्ट तेथे संपत नाही, आणि हा भाग फार कमी जणांच्या लक्षात राहतो. कीचकाचे भाऊबंद त्याच्या मृत्यूचा दोष सैरंध्रीवर ठेवतात आणि त्याच्या प्रेतासोबत जाळण्यासाठी तिला बांधून स्मशानाकडे नेतात. भीम तिला सोडवतो. त्यानंतर भयभीत झालेला राजा राणीकरवी तिलाच नगर सोडून जायला सांगतो. ती आणखी तेरा दिवसांची मुदत मागून घेते. अपराध कीचकाचा, आणि गाव सोडण्याची आज्ञा मात्र तिला. 'तुझ्यामुळेच हे झाले' या वाक्याचे वय असे फार मोठे आहे.

७/
१९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी हे कथानक 'कीचकवध' या नाटकातून रंगभूमीवर आणले. खाडिलकर टिळकांचे सहकारी आणि 'केसरी'तील लेखक. प्रेक्षकांनी नाटकाचा अर्थ बरोबर ओळखला: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातील भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही तो कळला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

८/
१९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी याच कथेवर 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरवले. १९३३ मध्ये प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी पुन्हा 'सैरंध्री' केला आणि तो रंगीत करण्याच्या खटपटीत चित्रफीत प्रक्रियेसाठी जर्मनीला नेली. रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रयोग मात्र इतिहासात राहिला.

९/
या कलाकृतींमध्ये एक गोष्ट समान होती. प्रेक्षक सैरंध्रीच्या बाजूने उभा असे. कीचकाला रसिक प्रेमवीर मानण्याची सोय तेथे नव्हती. त्याचबरोबर एक मर्यादाही होती. 'कीचकवधा'त द्रौपदी देशाचे रूपक झाली. तिच्यावरील अन्याय राष्ट्राच्या अपमानाचे चिन्ह ठरला आणि सूड हे भीमाचे कार्य राहिले. मागे लागलेल्या पुरुषामुळे एका स्त्रीचे रोजचे जगणे कसे आक्रसत जाते, हा प्रश्न रूपकाच्या भव्यतेत झाकला गेला.

१०/
मुली शाळा-महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत जाऊ लागल्या, तसा तो प्रश्न रस्त्यावर आला. मराठीने त्यासाठी शब्दही घडवले: 'सडकसख्याहरी', 'रोडरोमिओ', 'मजनू', 'छेडछाड'. सगळे शब्द थट्टेच्या सुरातले. जिच्या मागे माणूस रोज चालतो, तिची भीती त्यांपैकी एकाही शब्दात नाही. पुढे वर्तमानपत्रांनी आणखी एक शब्द रूढ केला: 'एकतर्फी प्रेम'. या शब्दाने पाठलागाला, धमकीला, प्रसंगी खुनालाही प्रेमाच्या घरात जागा करून दिली.

११/
मार्च १९९०. उल्हासनगरमधील दहावीच्या परीक्षेचे केंद्र. रिंकू पाटील ही विद्यार्थिनी उत्तरपत्रिका लिहायला बसली होती. तिच्या मागे लागलेला तरुण साथीदारांसह वर्गात घुसला आणि त्याने पेट्रोल ओतून तिला पेटवून दिले. राज्य हादरले. परीक्षेचा वर्ग ही मुलीसाठी सर्वांत सुरक्षित जागा, हा पालकांचा समज त्या दिवशी जळाला. त्याच दशकाच्या अखेरीकडे सांगलीत अमृता देशपांडे या तरुणीचा खून झाला, तेव्हाही मथळ्यांमध्ये तेच दोन शब्द होते: एकतर्फी प्रेम.

१२/
या दोन घटनांच्या मधोमध, २४ डिसेंबर १९९३ रोजी, यश चोप्रा यांचा 'डर' प्रदर्शित झाला. किरण या तरुणीच्या मागे लागलेला राहुल तिला फोन करतो, तिच्या घरात शिरतो, लग्नानंतर मधुचंद्रापर्यंत तिचा माग काढतो. कथेत तो खलनायक आहे आणि शेवटी मारला जातो. प्रेक्षकांच्या मनात मात्र राहुलच राहिला. त्याचे एकाकीपण, मृत आईशी चालणारे त्याचे संभाषण, किरणचे नाव घेताना अडखळणारी त्याची जीभ हे सारे शाहरुख खान यांच्या अभिनयाने अविस्मरणीय केले. किरणची झोप उडाली होती, याची आठवण त्यामानाने पुसट झाली.

१३/
'डर'ला सकस मनोरंजन करणाऱ्या सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९४ च्या 'अंजाम'मध्ये शाहरुख खान यांनी पुन्हा असाच पछाडलेला प्रियकर रंगवला आणि खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. १९९६ च्या 'अग्निसाक्षी'मध्ये नाना पाटेकर संशयाने आणि मालकीहक्काने पेटलेला नवरा झाले. त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनय खरोखरच उच्च दर्जाचे होते. पण कीचकाच्या काळात प्रेक्षागृह ज्या बाजूला बसत असे, ती बाजू आता बदलली होती. कॅमेरा पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर आला होता.

१४/
चित्रपटाने गुन्हा शिकवला, असा सोपा निष्कर्ष येथे टिकत नाही. उल्हासनगरची घटना 'डर'च्या आधीची आहे. चित्रपट देतो ती सबब. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे एका भारतीय तरुणाने दोन महिलांचा पाठलाग केल्याचे कबूल केले. हिंदी चित्रपटांत चिकाटीने मागे लागणारा नायक अखेर मुलीचे मन जिंकतो आणि तेच पाहत आपला अशील वाढला, असा बचाव त्याच्या वकिलाने मांडला. तरुणाला तुरुंगवास झाला नाही. पाच वर्षे चांगल्या वर्तनाच्या अटीवर त्याची सुटका झाली.

१५/
याच सुमारास जगात कायद्याची भाषा बदलत होती. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीची तिच्या दारात गोळी झाडून हत्या झाली. मारेकरी अनेक महिने तिच्या मागे होता. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेराकडून मिळवला होता, आणि त्या गुप्तहेराला तो सरकारी मोटार-वाहन खात्याच्या नोंदींतून मिळाला होता. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कॅलिफोर्नियाने पाठलागाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा अमेरिकेतील पहिला कायदा केला. उल्हासनगरची घटना त्याच वर्षीची.

१६/
भारतात मात्र पुढची तेवीस वर्षे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. पोलिसांच्या हाती १८६० च्या भारतीय दंड संहितेतील विनयभंगाचे कलम ३५४ आणि स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणारे शब्द व हावभाव यांसाठीचे कलम ५०९ होते. रोज बसथांब्यावर येऊन उभा राहणारा, काही न बोलता घरापर्यंत मागे येणारा माणूस यांपैकी कशात बसवायचा? 'त्याने काही केले आहे का?' या प्रश्नाला तक्रारदार मुलीकडे उत्तर नसे. काही केले की मग फार उशीर झालेला असे.

१७/
दिल्लीतील प्रियदर्शिनी मट्टू प्रकरण याचे जळजळीत उदाहरण आहे. कायद्याच्या या विद्यार्थिनीने तिच्या मागे लागलेल्या तरुणाविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या होत्या. तिला पोलीस संरक्षणही मिळाले होते. तरीही २३ जानेवारी १९९६ रोजी तिचा घरातच खून झाला. आरोपी बड्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा होता. १९९९ मध्ये तो निर्दोष सुटला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. राजसभेत धावत गेलेल्या सैरंध्रीची आठवण येथे टाळता येत नाही.

१८/
डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. तिने अवघ्या महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीने दंड संहितेत कलम ३५४-ड आले आणि ते ३ फेब्रुवारी २०१३ पासून लागू मानले गेले. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शवूनही वारंवार तिचा पाठलाग करणे, संपर्क साधणे किंवा साधू पाहणे, तसेच तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे.

१९/
या कलमाचे खरे महत्त्व शिक्षेच्या वर्षांपेक्षा त्याच्या दृष्टिकोनात आहे. त्याच्या मनात प्रेम होते की सूड, याची चौकशी तेथे केंद्रस्थानी नाही. तिने नको म्हटले होते का, आणि त्यानंतरही तो थांबला नाही का, हा प्रश्न आहे. थरारपटाने पाठलाग करणाऱ्याच्या मनात उतरवलेला कॅमेरा कायद्याने तिच्या बाजूला आणून ठेवला. विराटाच्या सभेत न विचारला गेलेला प्रश्न अखेर कायद्याच्या पुस्तकात लिहिला गेला.

२०/
पुस्तकात लिहिल्याने रस्ता बदलतोच असे नाही. मे २०१३ मध्ये, कलम लागू झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांनी, वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठी या तरुणीवर ॲसिड फेकले गेले. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठी ती दिल्लीहून मुंबईत उतरली होती. महिनाभराने तिचा मृत्यू झाला. हल्लेखोर तिच्या शेजारी राहणारा होता. आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी, कलमाला बरोबर सात वर्षे पूर्ण होत असताना, हिंगणघाटमध्ये महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. सात दिवसांनी तिने प्राण सोडले. दोन वर्षांनंतर, तिच्या मृत्यूच्याच तारखेला, न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली.

२१/
मनोविज्ञानाने या वेडाचा अभ्यास शतकभर केला आहे. १९२१ मध्ये क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने एका भ्रमाचे सविस्तर वर्णन केले: समोरची व्यक्ती आपल्यावर गुप्तपणे प्रेम करते, अशी रुग्णाची पक्की खात्री असते. १९९९ मध्ये पॉल मलेन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात १४५ पाठलागकर्त्यांचा अभ्यास करून त्यांचे पाच प्रकार मांडले. त्यांत सर्वांत मोठा गट होता नाकारले गेलेल्यांचा, म्हणजे तुटलेले नाते मान्य न करणाऱ्यांचा. थरारपटातील अंधारातला अनोळखी वेडा प्रत्यक्षात तितका आढळत नाही. बहुधा तो ओळखीचा असतो आणि गावाने त्याला 'तसा चांगला मुलगा' म्हणून प्रमाणपत्रही दिलेले असते.

२२/
म्हणूनच हा इतिहास मोठ्या शहरांपुरता नाही. मानवतसारख्या तालुक्याच्या गावी मुलीचे शिक्षण एका रस्त्यावर, एका एसटीवर आणि घरच्यांच्या विश्वासावर टिकलेले असते. कोणी मागे लागल्याचे तिने घरी सांगितले, तर पुष्कळदा पहिला निर्णय तिच्याबद्दल होतो: महाविद्यालय बंद, फोन बंद, लवकर लग्न. गुन्हा एकाचा आणि नगर सोडण्याची आज्ञा दुसरीला, हा विराटनगरीचा न्याय आजही घराघरांत चालतो. त्या भीतीने कितीतरी मुली गप्प राहतात, आणि त्यांचे मौन पाठलाग करणाऱ्याच्या उपयोगी पडते.

२३/
खाडिलकरांच्या प्रेक्षकांनी कीचकाला ओळखले, कारण नाटकाने त्यांना सैरंध्रीच्या जागी बसवले होते. नव्वदच्या दशकातील प्रेक्षक राहुलसाठी हळहळला, कारण पडद्याने त्याला राहुलच्या जागी बसवले होते. मानवतच्या मुली विसरल्या गेल्या, कारण त्यांच्या जागी कोणी बसलेच नाही. पुढची थरारकथा पाहताना एवढे तपासले तरी पुरे: ती स्त्री दाराची कडी लावून आत उभी आहे, तेव्हा कॅमेरा दाराच्या कोणत्या बाजूला आहे?